दार, पैसा आणि मत : रणजी करंडकाच्या वाटणीचा नकाशा

मंठा आणि लोणार हे एकमेकांना लागून असलेले तालुके. मंठ्याहून निघालेली गाडी तासाभराच्या आत लोणारच्या सरोवराकाठी पोहोचते. दोन्हीकडे शेतात सोयाबीन आणि कापूस, दोन्हीकडची सोयरीक एकमेकांत गुंतलेली. पण मंठ्यातल्या एखाद्या पोराचा चेंडू खरोखरच वळत असेल, तर त्याची वाट जालन्यावरून पुण्याला जाते आणि लोणारच्या पोराची वाट बुलढाण्यावरून नागपूरला. पुढे नशिबाने साथ दिली, तर एक जण रणजी करंडकात ‘महाराष्ट्र’ या संघाकडून खेळेल, दुसरा ‘विदर्भ’ या संघाकडून. दोघेही महाराष्ट्र राज्याचेच रहिवासी. याच राज्यात ‘मुंबई’ नावाचा तिसरा संघ आहे, तो वेगळाच.

एका राज्यात तीन संघ का, हा प्रश्न वरवर खेळाचा वाटतो. माझ्या लेखी तो वाटणीचा आहे. जुन्या सीमा, संस्थांच्या घटना आणि न्यायालयांची निकालपत्रे वाचत बसणे हा माझा नाद. क्रिकेटकडे मी त्याच वाटेने आलो. स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात कोणाला जायला मिळणार, जमलेला पैसा कोणात वाटला जाणार आणि हे नियम ठरवताना कोणाचे मत मोजले जाणार, हे तीन प्रश्न कुठल्याही संघटित खेळाच्या तळाशी असतात. त्यांना मी सोयीसाठी दार, पैसा आणि मत म्हणतो. मैदानावर जे दिसते ते या तिन्हींची उत्तरे ठरल्यानंतरचे असते. भारतीय क्रिकेटमध्ये या तीन प्रश्नांना तीन वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि त्यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. तो का नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

क्रिकेटचा नकाशा जुनाच

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ साली स्थापन झाले आणि रणजी करंडक १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाला. तेव्हा भाषावार राज्ये नव्हती. ब्रिटिश प्रांत होते, संस्थाने होती. संघही तसेच निघाले: मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, नवानगर, हैदराबाद, मध्य प्रांत व वऱ्हाड, होळकर. पुढे १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, शाळेतल्या भिंतीवरचे नकाशे बदलले. क्रिकेटचा नकाशा मात्र बराचसा जुनाच राहिला. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या जागी १९५७-५८ पासून विदर्भ हा संघ खेळू लागला. बडोद्याचे संस्थान विलीन झाले तरी बडोद्याचा संघ राहिला. म्हणून आजही महाराष्ट्राप्रमाणेच गुजरात राज्यात तीन संघ आहेत: गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र.

आपल्या ३६ जिल्ह्यांची वाटणी ढोबळमानाने अशी आहे. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर हा पट्टा मुंबई क्रिकेट संघटनेचा. विदर्भाचे ११ जिल्हे नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघटनेचे. उरलेले २१ पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. त्यात कोकण आहे, खानदेश आहे, पश्चिम महाराष्ट्र आहे आणि आमचा मराठवाडाही आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. लोणार वऱ्हाडात होते. म्हणजे मंठा आणि लोणार यांच्यामधली क्रिकेटची रेघ ही खरे तर निजामाच्या आणि इंग्रजांच्या मुलखातली जुनी रेघ आहे. ती जमिनीवरून पुसली गेली, संघांच्या नावांत उरली.

दार : बारा वर्षे बंद असलेले

आता दाराकडे येऊ. रणजी स्पर्धेत संघ फार आणि दिवस थोडे, त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे शक्य नव्हते. म्हणून देशाचे विभाग पाडले: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि १९५२-५३ पासून मध्य. आधी विभागातल्या विभागात खेळायचे, मग विभागाच्या विजेत्यांनी एकमेकांशी बाद पद्धतीने, म्हणजे हरला तो बाहेर या रीतीने, खेळून करंडक मिळवायचा. १९५७-५८ पासून विभागातले सामने साखळी पद्धतीने होऊ लागले. विभागातला प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळे. पण पुढच्या फेरीत जाणारा संघ विभागागणिक एकच.

न्याय्य वाटणाऱ्या या नियमाने काय केले ते पाहा. पश्चिम विभागात पाच संघ होते: मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. हा विक्रम आपण अभिमानाने सांगतो. त्याची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. विभागातून एकच संघ पुढे जाण्याचा नियम १९६९-७० पर्यंत होता. मुंबईने करंडक जिंकला याचा अर्थ ती आधी पश्चिम विभागात पहिली आली होती. म्हणजेच १९५८-५९ पासून सलग बारा हंगाम महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र या चार संघांपैकी एकालाही बाद फेरीचे दार एकदाही उघडले नाही. विभागात पाच संघ, म्हणजे वाट्याला हंगामाचे चार सामने. ते झाले की रणजी संपली, पुढच्या वर्षापर्यंत. पुण्याच्या किंवा राजकोटच्या खेळाडूचे तारुण्यातले एक तप अशा चार-चार सामन्यांत गेले.

हे संघ दुबळे होते म्हणावे, तर तसेही नव्हते. महाराष्ट्राने प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. मुंबईची मालिका सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९५७-५८ मध्ये, बडोदा विजेता होता. त्याच काळात मध्य विभागातून राजस्थान पुन:पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचत होता आणि १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत सात वेळा मुंबईकडून हरला. उपविजेता म्हणून इतिहासात राजस्थानचे नाव लागले. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ कदाचित मुंबईच्याच विभागात असेल, ही शक्यता त्या नियमाने तपासलीच नाही.

ती तपासली गेली १९७०-७१ मध्ये. त्या हंगामापासून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि नियम बदलल्याच्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. वाडेकर, गावसकर, सरदेसाई वगैरे मंडळी भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला गेलेली. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. निकाल मुंबईचाच लागला, पण बारा वर्षे बंद असलेल्या दारामागे कोण उभे होते हे त्या एका सामन्याने दाखवून दिले.

पुढे दार रुंद होत गेले. १९९२-९३ पासून विभागागणिक तीन संघ घेतले जाऊ लागले. त्या वर्षी महाराष्ट्र पुन्हा अंतिम सामन्यात होता आणि पंजाबकडून हरला. २००२-०३ मध्ये विभागांची पद्धतच मोडली. भूगोलाऐवजी कामगिरीवर दोन स्तर केले: वरचा ‘एलिट’, खालचा ‘प्लेट’. भूगोलाचा अन्याय गेला, पण त्याच्या जागी दुसरा आला. खालच्या स्तरातल्या संघाला त्या वर्षी कितीही चांगले खेळून करंडक जिंकता येत नसे. त्याला फक्त पुढच्या वर्षी वरच्या स्तरात बढती मिळे. २००८-०९ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. प्लेट गटातले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत घ्यायचे ठरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१०-११ मध्ये, राजस्थान प्लेट गटातून वर आला आणि करंडक घेऊन गेला. पुढच्या दारातून इतक्या वेळा अंतिम सामन्यात जाऊन जे मिळाले नव्हते, ते त्या संघाला मागच्या दाराने मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण २०१३-१४ चे. तेव्हा नऊ-नऊ संघांचे तीन गट होते. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतून तीन-तीन, आणि सर्वांत खालच्या ‘क’ गटातून दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जात. महाराष्ट्र ‘क’ गटात होता. तिथून वर येऊन त्याने वानखेडेवर मुंबईला हरवले आणि अंतिम सामना गाठला. तिथे कर्नाटक जिंकला. त्याच हंगामात महाराष्ट्राकडून पदार्पण केले होते विजय झोल याने. जालन्याचा हा मुलगा २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. १९६५ चा नियम असता, तर त्या संघाचा हंगाम मुंबईच्या पाठीमागेच संपला असता.

पैसा : सगळ्यांना सारखा

दाराचा हा इतिहास वाचून एखाद्याला वाटेल की संघटनांची खरी झुंज बाद फेरीसाठी असणार. तशी ती नाही, आणि याचे कारण पैशाच्या वाटणीत आहे.

मंडळाचे उत्पन्न मुख्यत: प्रक्षेपण हक्कांतून येते. इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. रणजी सामन्यांना प्रेक्षक नाहीत, त्यांची वेगळी अशी मोठी कमाई नाही. म्हणजे भारतीय संघ आणि आयपीएल कमावतात, त्यावर बाकीचा डोलारा उभा आहे. या उत्पन्नातला काही वाटा खेळाडूंसाठी निघतो. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला ७० टक्के भाग पूर्ण सदस्य असलेल्या संघटनांमध्ये समान वाटायचा, अशी मंडळाची बरीच वर्षे चालत आलेली पद्धत. समान म्हणजे अगदी समान. बेचाळीस वेळा करंडक जिंकणारी मुंबई आणि एकदाही न जिंकलेली एखादी संघटना, दोघींच्या पानात सारखेच वाढायचे.

एक आकडा पुरेसा बोलका आहे. २०१६ मध्ये चॅम्पियन्स लीग ही स्पर्धा बंद झाल्याच्या भरपाईतून मंडळाने सदस्य संघटनांना प्रत्येकी सुमारे १६ कोटी ७० लाख रुपये देऊ केले. त्या वेळी रणजी विजेत्याचे बक्षीस २ कोटी होते. म्हणजे नुसते सदस्य असण्याबद्दल एका हप्त्यात जे मिळत होते, ते अख्खा हंगाम जिंकण्याच्या बक्षिसापेक्षा आठपट होते. २०२३ मध्ये विजेत्याचे बक्षीस ५ कोटी झाले, तरी तराजू फारसा हललेला नाही.

आता हाच हिशेब खेळाडूच्या बाजूने मांडून पाहू. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार वीसपर्यंत प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात आणि चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६०,०००. राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. आठ संघांच्या गटात सात सामने, प्रत्येक चार दिवसांचा, म्हणजे २८ दिवस. नवख्या खेळाडूला त्याचे ११ लाख २० हजार. बाद फेरीचे सामने पाच दिवसांचे. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला तर आणखी १५ दिवस, म्हणजे आणखी ६ लाख. दार उघडले की खेळाडूची कमाई निम्म्याहून जास्त वाढते. शिवाय निवड समितीची नजर पडते, आयपीएलचा लिलाव जवळ येतो.

या लेखातला कळीचा मुद्दा इथे आहे. खेळाडूचे पोट दारावर चालते, संघटनेचे सदस्यत्वावर. संघ बाद फेरीत गेला काय, न गेला काय, संघटनेच्या ताळेबंदात फार फरक पडत नाही. सदस्यत्व गेले तर मात्र सगळेच जाते. म्हणून आपल्याकडे खेळाडू मैदानावर झगडतात आणि संघटना न्यायालयात.

अमेरिकेतली उलटी रीत

ही व्यवस्था किती वेगळी आहे हे कळण्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलकडे पाहावे. आपल्याकडेही विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकाला एके काळी मान होता; १९३५-३६ मध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेतून भारतीय संघाला खेळाडू मिळाले. पण त्यात पैसा कधीच नव्हता. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल हा अब्जावधी डॉलरचा व्यवहार आहे. तिथली विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत बांधलेली असतात. आपल्या जुन्या विभागांसारखेच, पण एक मोठा फरक आहे. हे गट स्वत:चे प्रक्षेपण हक्क स्वत: विकतात आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम टप्प्यात कोणाला किती जागा आणि किती पैसा, हे आपसात सौदा करून ठरवतात.

२०१४ ते २०२३ या काळात तिथल्या अंतिम टप्प्यात एका निवड समितीने ठरवलेले फक्त चार संघ असत. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट हे विद्यापीठ तेराच्या तेरा सामने जिंकून, आपल्या गटाचे विजेते होऊनही बाहेर राहिले. २०२४ पासून बारा संघ घेतले जाऊ लागले. दार रुंद झाले. पण त्याच वेळी पैशाची वाटणी बदलली. आधी पाच मोठ्या गटांना जवळपास सारखे वाटे मिळत. २०२६ पासूनच्या करारात बिग टेन आणि साउथईस्टर्न या दोन सर्वांत श्रीमंत गटांनी प्रत्येकी सुमारे २९ टक्के घेतले. त्यांच्या खालच्या दोन मोठ्या गटांना सुमारे १७ आणि १५ टक्के आले. बाकीच्या छोट्या गटांना मिळून दहा टक्केही नाहीत. आमच्यामुळे टीव्ही बघितला जातो, म्हणून आम्हाला जास्त, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

हे तर्कशास्त्र आपल्याला परके नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत भारतीय मंडळ नेमके हेच मांडते. २०२४ ते २०२७ या काळासाठी परिषदेच्या उत्पन्नातला भारताचा वाटा ३८.५ टक्के ठरला. दुसऱ्या क्रमांकावरच्या इंग्लंडला सात टक्केही नाहीत. जो कमावतो त्याला जास्त, हे दुबईत; आणि कोणी कमावो, सगळ्यांना सारखे, हे मुंबईत. एकच मंडळ उंबरठ्याच्या बाहेर एक नियम बोलते आणि आत दुसरा.

आतला नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. उलट त्याचा सर्वांत मोठा लाभधारक आपल्याच राज्यात आहे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता; पहिला करंडक त्याला मिळाला साठ वर्षांनी, २०१७-१८ मध्ये. मग २०१८-१९ मध्ये पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. मधल्या २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबई आणि विदर्भ समोरासमोर आले. १९७०-७१ नंतर पुन्हा एकदा करंडक राज्याच्या दोन संघांत खेळला गेला आणि मुंबईने बेचाळिसावा करंडक उचलला. टीव्हीच्या बाजारभावाने वाटणी झाली असती, तर नागपूरच्या वाट्याला मुंबईच्या तुलनेत चिल्लर आली असती. समान वाट्यामुळे मैदान, अकादमी, प्रशिक्षक आणि वसीम जाफरसारखा मुंबईत घडलेला अनुभवी फलंदाज संघात घेणे शक्य झाले. समान पैसा आणि उघडे दार, दोन्ही एकत्र आले तेव्हा साठ वर्षांची वाट संपली.

मत : तीन की एक?

पैसा सदस्यत्वावर मिळतो म्हटले की सदस्य कोण, हा प्रश्न सोन्याच्या भावाचा होतो. बिहारच्या क्रिकेट संघटनेने मंडळाविरुद्ध चालवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये न्या. लोढा यांची समिती नेमली. समितीने जानेवारी २०१६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातली एक शिफारस होती ‘एक राज्य, एक मत’. महाराष्ट्र आणि गुजरात यांना तीन-तीन मते. शिवाय मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचाही स्वत:चा रणजी संघ नसताना मत, म्हणजे आपल्या राज्यातून चार. आणि दहा कोटींवर लोकसंख्येच्या बिहारला, ईशान्येकडच्या अनेक राज्यांना मत नाही, रणजी संघही नाही. ही विषमता समितीने उघडी केली. जुलै २०१६ मध्ये न्यायालयाने शिफारस मान्य केली. महाराष्ट्राच्या तिन्ही संघटनांनी पूर्ण सदस्यत्व आळीपाळीने भोगावे, असेही ठरले. सगळ्यांत जास्त करंडक जिंकलेल्या मुंबईला दर तिसऱ्या वर्षी मत, ही कल्पना मुंबईत कोणाला पचणे शक्य नव्हते.

ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने हा भाग बदलला. भारतीय क्रिकेटच्या जडणघडणीत या संघटनांचा वाटा आहे, तो पुसता येत नाही, अशी भूमिका घेऊन महाराष्ट्र आणि गुजरातच्या सहाही संघटनांना तसेच रेल्वे, सेनादल आणि विद्यापीठांना पूर्ण सदस्यत्व परत दिले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला ते मिळाले नाही. आणि त्याच हंगामात, २०१८-१९ मध्ये, बिहारसह नऊ नवे संघ रणजीत उतरले. पुढच्या वर्षी चंदीगड आला आणि संख्या ३८ झाली.

मला दोन्ही निकालांत तथ्य दिसते. बिहारला बाहेर ठेवून मुंबईच्या एका क्लबला मत देणे समर्थनीय नव्हते. पण राज्याच्या सीमेला एकमेव एकक मानणे हेही आंधळेपणाचे होते. तीन संघटनांची एक झाली असती, तर ती कुठे बसली असती? वानखेडेच्या आसपास. विदर्भाने साठ वर्षे वाट पाहून जे मिळवले, ते एकाच राज्य संघाच्या निवड समितीपुढे हात जोडून मिळाले असते, असे मला वाटत नाही. जुनी रेघ या बाबतीत नागपूरच्या उपयोगी पडली.

उंबरठ्याच्या आतले

पण याच युक्तिवादाने मला आमच्या बाजूचा प्रश्न विचारावा लागतो. संघटना लहान, जवळची आणि स्वत:च्या पैशाची असली की खेळाडू वर येतो, हे विदर्भाच्या ११ जिल्ह्यांनी दाखवले. मग एकाच संघटनेत २१ जिल्हे असतील तेव्हा काय होते?

समान वाटणीचे तत्त्व मंडळ आणि राज्य संघटना यांच्यामधले आहे. लोढा समितीने पदाधिकाऱ्यांचे वय, कार्यकाळ, हितसंबंध यांवर काटेकोर नियम दिले. पण ‘एक राज्य, एक मत’ म्हणणाऱ्या सुधारणेत ‘एक जिल्हा, एक वाटा’ असे कुठे म्हटलेले नाही. राज्याच्या उंबरठ्यापर्यंत समता येते आणि तिथे चप्पल काढून थांबते. आत गेल्यावर पैसा कुठे लागतो, हे त्या-त्या संघटनेच्या गरजा, कर्जे आणि कारभारी ठरवतात. गहुंजे येथे मोठे स्टेडियम उभे राहिले. नामकरणाच्या करारातून यायचा पैसा अडकला. पुढे लोढा प्रकरणात मंडळाकडून संघटनांना जाणारा निधीही रोखला गेला. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थकीत कर्जापोटी बँकांनी त्या स्टेडियमवर ताब्याची कारवाई केली. एकवीस जिल्ह्यांच्या नावाने आलेल्या निधीवर एका वास्तूचा किती भार पडू शकतो, याचे हे उदाहरण.

दाराचेही तसेच. जिल्ह्याच्या संघासाठी निमंत्रितांची साखळी स्पर्धा आहे, तीत पुण्याचे जुने क्लब आणि जिल्ह्यांचे संघ खेळतात. पुण्यातल्या मुलाला एका शहरात अनेक क्लब, म्हणजे अनेक दारे. जालना जिल्ह्यातल्या मुलाला जिल्ह्याचा एकच संघ, म्हणजे एकच दार, आणि त्याच्या अलीकडे तीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये सहा संघ होते. त्यांत मराठवाड्याच्या नावाचा एक, छत्रपती संभाजीनगरचा. पश्चिम विभागाच्या पाच संघांतून एकालाच पुढे जाऊ देणारा १९६५ चा नियम वर रद्द झाला. खाली तो वेगळ्या रूपात चालूच आहे.

विजय झोल इथूनच गेला की, असे कोणी म्हणेल. गेला, आणि त्याचा अभिमानही आहे. पण एक गुणी मुलगा निघाला म्हणजे वाट आहे, हा तर्क राजस्थानच्या सात अंतिम सामन्यांसारखा आहे. जे दिसले त्यावरून जे दिसू दिले गेले नाही त्याचा अंदाज येत नाही. महाराष्ट्राचा संघ मुंबईच्या मागे बारा वर्षे अदृश्य होता, आणि नियम बदलला त्याच वर्षी अंतिम सामन्यात दिसला.

वेगळी मराठवाडा क्रिकेट संघटना मागण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. नवी संघटना म्हणजे नवे पदाधिकारी आणि नवे न्यायालयीन दावे, हेही या इतिहासात वाचायला मिळते. मागणी त्याहून साधी असू शकते. ज्या तत्त्वाने राज्य संघटना मंडळाकडून समान वाटा घेते, त्याच तत्त्वाने तिने जिल्ह्यांना किती दिले, हे दर वर्षी जिल्हावार छापावे. कोणत्या जिल्ह्यातल्या किती मुलांची निवड चाचणी घेतली, तेही छापावे. यासाठी न्यायालय लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. संघटनेच्या वार्षिक अहवालात दोन तक्ते वाढतील, इतकेच. वाटणी कशी झाली हे आधी कागदावर दिसू द्या. न्याय्य झाली की नाही, त्यावर मग भांडता येईल.